कथानक नसलेल्या कथेला कला का म्हणावे?

जुना वाचक:
माझी वाचनाची सवय फडके-खांडेकरांच्या कथांवर घडली. 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा त्यांचा वाद कितीही गाजला, तरी कथेत गोष्ट असावी याबद्दल दोघांत दुमत नव्हते. अलीकडे नवकथा, म्हणजे घटनांपेक्षा अनुभवाला महत्त्व देणाऱ्या कथा, ओळीने वाचायला घेतल्या आणि अडखळलो. गंगाधर गाडगीळांच्या कथांत पात्राच्या मनातली खळबळच पाने व्यापते, तर व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसे'मध्ये (1949) एक माणूस समोर उभा राहतो आणि लेखक बाजूला होतो. वाचताना मी गुंतलो हे खरे, पण याला निरीक्षणाची टिपणे न म्हणता कला कशाच्या बळावर म्हणायचे?

काठावरचा:
त्याच पुस्तकातला 'धर्मा रामोशी' पुन्हा वाचावा. अंगावर धड वस्त्र नसलेल्या धर्माला धोतर मिळते, तरी तो लक्तरांतच दिसतो, आणि ते धोतर त्याच्या मुलीच्या अंगावर दिसते तेव्हा कारण उमगते. टिपणात ही नोंद कुठेही चालली असती. इथे ती आधी आली, तर सगळे कोसळते. कवी-समीक्षक बा. सी. मर्ढेकर ज्याला लय म्हणत आणि संवाद (म्हणजे मेळ), विरोध व समतोल या तत्त्वांनी समजावत, ती (परिभाषा कोरडी आहे खरी) मला या धोतराच्या जागेत दिसते.

असहमत:
ही कसोटी बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती'ला (1963) लावून पाहा. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो आणि ती उघडकीला आल्यावर मार खातो. इथे लेखक बाजूला होत नाही, आवाज चढतो, भाषा उसळते. संयम आणि घाट, म्हणजे रचनेची घडण, हीच कलेची खूण मानली, तर ही कथा नापास होईल, आणि मग चूक कथेची नव्हे, कसोटीची म्हणावी लागेल. खालच्या आवाजात बोलण्याची सोय प्रत्येकाला नसते.

काठावरचा:
संयमाबद्दल मान्य. मात्र जात उघड होण्याची धास्ती बागुलांनीही शेवटपर्यंत ताणून धरली आहे. तीही जागेची निवडच आहे.

जुना वाचक:
धोतर मला आठवत होते, ते कुठे येते हे मात्र पाहिले नव्हते. बागुल आता वाचायला घेतो; गाडगीळांबद्दलची माझी शंका अजून तशीच आहे.