उजवा डोळा, डावा मेंदू?

उजव्या डोळ्याला दिसलेलं डाव्या मेंदूत जातं आणि डाव्याचं उजव्यात, असं काही जण म्हणतात. तसं नाही. वाटणी डोळ्यांची होत नाही, समोरच्या दृश्याची होते: डावीकडचं उजव्या मेंदूत, उजवीकडचं डाव्या. रेटिनाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) नाकाकडच्या अर्ध्या भागातले मज्जातंतूच काय ते पलीकडे जातात. म्हणून मेंदूच्या मागच्या, बघण्याचं काम करणाऱ्या भागात उजवीकडे स्ट्रोक झाला की पेशंट "डावा डोळा गेला" म्हणतो, पण एकेक डोळा झाकून बघितलं तर दोन्हींतून डावीकडचंच गायब असतं.

हे इतकं नेमकं कळलं कसं, ते मात्र राहिलंच. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियन रायफलींच्या बारीक, वेगवान गोळ्या कवटीतून आरपार जायच्या आणि तरी बरेच सैनिक वाचायचे. तात्सुजी इनोये हे जपानी नेत्रतज्ज्ञ पेन्शनसाठी त्यांची नजर तपासत. गोळी शिरली कुठून, निघाली कुठून हे मोजून त्यांनी आतला मार्ग काढला (कवटीवर बसवायचं उपकरणही स्वतःच बनवलं!) आणि दृश्याचा कोणता तुकडा दिसेनासा झालाय त्याच्याशी जुळवला. १९०९ मध्ये ते छापलं. त्यात दिसलं की मेंदूतल्या जागेची वाटणी अजिबात समान नाही, मधल्या नजरेला भरपूर जागा आणि कडेला अगदी थोडी. हात लांब करून मूठ धरा, ती साधारण दहा अंश भरते. नजरेच्या केंद्रापासून चहूकडे तेवढ्या अंतरापर्यंतच्या दृश्यालाच, आजच्या मोजमापानुसार, प्राथमिक व्हिज्युअल कॉर्टेक्सचा (मेंदूच्या मागच्या भागातल्या, बघण्याचं काम करणाऱ्या मुख्य पट्ट्याचा) निम्म्याहून जास्त भाग लागतो.