आधी पगार द्या, मग हाकला की ठेवा

वाटसरू: परवा इथे कुणीतरी लिहिलं, 'बिनकागदाच्या (राहायचा परवाना नसलेल्या) सगळ्यांना अमेरिकेतून हाकला.' कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलजवळ हायवेलगत स्ट्रॉबेरीची शेतं आहेत. लांबून नुसत्या वाकलेल्या पाठी दिसतात, तोंडाला फडकी बांधलेली. फळ वाफ्यातच प्लास्टिकच्या डब्यात भरतात, न धुता. तोच डबा आपण दुकानातून उचलतो. मजुरी बऱ्याचदा ट्रेवर, म्हणून भरलेला ट्रे घेऊन माणसं मोजणीकडे अक्षरशः पळतात. देशातल्या पीक काढणाऱ्या मजुरांपैकी साधारण ४० टक्क्यांकडे कागद नाहीत. बऱ्याच जणांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी, म्हणजे म्हातारपणच्या सरकारी पेन्शनची रक्कम, कापली जाते, पेन्शन मात्र शून्य. करांचा अभ्यास करणाऱ्या आयटीईपी या संस्थेच्या अंदाजाने २०२२ मध्ये देशातल्या सगळ्या बिनकागदवाल्यांनी मिळून ९६.७ अब्ज डॉलर कर भरला. राहू द्यायचं की नाही, हा वाद वेगळा. घाम गाळला त्याचे पैसे तरी बुडवू नका.

रांगेतला: आणि आम्ही काय घोडं मारलंय? एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर केस पांढरे झाले. ग्रीन कार्डांत दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांचा नंबर कधी येईल देव जाणे. नोकरी गेली की ६० दिवसांत गाशा गुंडाळा. करही भरतोच. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी सुमारे २७ लाख लोकांना कागद दिले, यापुढे मालकांना धरू म्हणाले. काय झालं पुढे?

खवचट_काकू: धरलं कुठे? मालकाने 'जाणूनबुजून' ठेवलं हे सिद्ध करावं लागतं. कागद वरवर खरे दिसले की तो सुटला, वर मध्ये ठेकेदार. आपला ऊसतोडीचा मुकादम आठवा. २००२ चा हॉफमन खटला बघा: कामगार संघटनेसाठी खटपट केली म्हणून मालकाने बेकायदा काढलं, तरी कागद नाहीत म्हणून काढल्यानंतरच्या काळाचा बुडालेला पगार नाही. सुप्रीम कोर्टाचा निकाल!

अण्णा_फ्रेझ्नो: काकू, अमेरिकेतल्या शेतमजुरांचा पुढारी, मजुरांचा कैवारी सीझर चावेझ ना? १९७४ मध्ये त्याच्याच संघटनेने बिनकागदवाल्यांविरुद्ध मोहीम काढली होती, कारण संप फोडायला मालक त्यांनाच आणत. स्वस्तात माणूस मिळतोय तोवर मजुरी वाढेल कशाला? शेतीसाठी एच-२ए व्हिसा आहे, त्याला संख्येची मर्यादाही नाही. त्यावर आणा की.

वाटसरू: तो हंगामी कामाचा. गाईंचं दूध बारा महिने काढावं लागतं, म्हणून डेअरीवाल्यांना तो मिळत नाही. शिवाय व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला. रांगेतले, हे दुखणं तुम्हाला वेगळं सांगायला नको. चावेझच्या संघटनेनेही पुढे भूमिका बदललीच. माणूस स्वस्तात मिळतो कारण त्याला तक्रार करायची सोय नाही.

रांगेतला: बरं, पगार द्या. हॉफमनचा निकाल मलाही पटत नाही. पण पगार देऊन विमानात बसवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परत पाठवलेले १०४ भारतीय अमृतसरला उतरले, त्यात महाराष्ट्रातलेही होते. बेड्या घातल्या ते वाईटच, पण परत पाठवलं यात चूक काय?

खवचट_काकू: विमान तयार आहे हे माहीत असताना पगार मागायला येणार कोण, तेवढं सांगा. कॅलिफोर्नियात लेबर कमिशनरकडे तक्रार करताना व्हिसा विचारत नाहीत, तरी लोक तिथे जायला कचरतात.