कॉन्सर्टिनाची जुनी इंग्लिश रेकॉर्डिंग्ज, सुरुवात कुठून करू?

हळदवाला_सांगली: भजनाला पेटी वाजवतो मी, परवा यूट्यूबवर इंग्लंडच्या गावाकडचं लोकसंगीत लागलं आणि त्या हातात धरून भाता दाबत-ओढत वाजवायच्या सहाकोनी कॉन्सर्टिनानं येडंच केलं राव. काय ऐकू?

मिरजेचा_पेटीवाला: आधी विल्यम किंबर. ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारी गावचा गवंडी, मॉरिस या इंग्लिश लोकनाचाला वाजवायचा, 1899 च्या नाताळात पुढं लोकगीतं गोळा करणाऱ्या सेसिल शार्पनं ऐकलं आणि चालीच लिहून घेतल्या. त्याची कॉन्सर्टिना अँग्लो जातीची, म्हणजे बटन तेच पण भाता दाबला की एक सूर, ओढला की दुसरा, म्हणून लय अशी उसळते. आपला हात गडबडणारच!

तासगावकर: अ‍ॅकॉर्डियन पाहिजे तर इंग्लिश लोकसंगीतवाला जॉन कर्कपॅट्रिक, गडी अ‍ॅकॉर्डियन न् कॉन्सर्टिना दोन्ही वाजवतो. हेडफोन लाव मात्र, मोबाईलच्या स्पीकरवर नुसती पिपाणी वाटतीय.

हळदवाला_सांगली: किंबर लावलाय, पाय थांबंना. सगळ्या कॉन्सर्टिना अशाच का?

मिरजेचा_पेटीवाला: नाय, इंग्लिश कॉन्सर्टिनात दाबा नायतर ओढा, सूर तोच. पेटीवाल्याला ती सोपी.