आफ्रिकेची गाणी तुमच्यापर्यंत कुणी पोचवली? (अनुभव धागा)

आफ्रिकेत ५४ देश, आणि गाण्यांच्या बहुतेक अ‍ॅपवर त्या सगळ्यांसाठी कप्पा एकच. उघडला की आधी लागोस, मग जोहान्सबर्ग. बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. पण कुणीतरी जीव लावून निवडलेली, क्रम लावलेली एखादी यादी हाती लागते आणि माणूस नादाला लागतो, असं ओळखीतल्या बऱ्याच जणांचं झालंय. म्हणून हा धागा. यादी कुणी दिली, कुठल्या गाण्यापाशी अडकलात, तिथून पुढे कुठे गेलात ते लिहा. नुसतं "भारी आहे, ऐका" नको. कान कुठे ठेवायचा तेही सांगा.

सुरुवात मी करतो. मित्राच्या मुलीने "काका, लोकलमध्ये ऐका" म्हणून नायजेरियाच्या फेला कुटीची यादी पाठवली. प्रत्येक गाण्यासोबत तिने दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या, हे महत्त्वाचं. "झोंबी" बारा मिनिटांचं आहे. डोंबिवलीला लावलं तर दिवा येईस्तोवर गाणारा तोंड उघडत नाही. तोवर गिटार एकच तुकडा घोळवत राहते, ब्रास येतं-जातं, आणि खाली टोनी अ‍ॅलनचे ड्रम. दोन हात, दोन पाय, चौघांचं चार ठिकाणी लक्ष. मग फेला सैनिकांची टर उडवायला लागतो: सांगितल्याशिवाय चालणार नाही, सांगितल्याशिवाय विचार करणार नाही. मुलीची टीप: १९७७ च्या फेब्रुवारीत लष्कराने त्याच्या लागोसमधल्या वस्तीवर हल्ला केला, घर जाळलं, त्याच्या आईला खिडकीतून फेकलं, ती पुढच्या वर्षी गेली. हे वाचून पुन्हा ऐकलं तेव्हा त्या लांबलचक सुरुवातीतली मजा संपली नाही, पण तिला धार आली.

मिरजेहून

आमच्या घरात तंबोरे-सतारी होतात, त्यामुळे भोपळा दिसला की नजर आधी तिकडे जाते. कोरा हे वाद्य प्रथम फोटोतच पाहिलं. अर्धा भोपळा, त्यावर ताणलेलं गाईचं कातडं, आरपार गेलेली लांब दांडी, २१ तारा. आमच्याकडे भोपळ्यावर लाकडाची तबली बसते, म्हणून आवाज रेंगाळतो. कातड्यावरचा सूर टपकन पडतो आणि लगेच पुढच्याला जागा देतो. जुन्या कोऱ्याला खुंट्या नसतात. दांडीवर चामड्याची कडी आवळलेली असतात, ती सरकवून सूर मिळवायचा. वडिलांनी ते ऐकून कपाळाला हात लावला.

यादी मात्र लाजवाब होती, घराण्याप्रमाणे लावलेली. मालीत हे जेली लोकांचं वंशपरंपरेचं काम. दियाबाते, कुयाते, सिसोको ही आडनावं ऐकली की ओळखायचं. आधी सिदिकी दियाबाते, मग त्यांचा मुलगा तुमानी, मग तुमानीचा मुलगा, तोही सिदिकीच. आजोबांचं नाव नातवाला, आपल्यासारखंच. तुमानीचा १९८८ चा "काइरा" लावला तेव्हा हे एकट्याचं वादन आहे हे घरात कुणी मानेना. दोन अंगठे खालचा ठेका धरतात, दोन तर्जन्या वरची सुरावट. बाकीच्या बोटांनी नुसतं वाद्य धरलेलं. तुमानी २०२४ च्या जुलैत गेला. त्याने गिटारवाल्या अली फारका तुरेबरोबर बामाकोत ध्वनिमुद्रित केलेला २००५ चा अल्बमही चुकवू नका, बिनतयारीच्या गप्पा वाटतात त्या.

नाशिकहून

भजनी मंडळात पेटी वाजवतो. "एथिओपीक" नावाच्या फ्रेंच मालिकेतून कुणीतरी वेचून केलेली यादी मिळाली. १९९०च्या दशकाच्या शेवटी ही मालिका निघाली आणि हुकूमशाहीच्या आधीच्या इथिओपियातली, अदिस अबाबातली गाणी पुन्हा बाहेर आली. १९७४ ला दर्ग ही लष्करी राजवट आली, रात्रीची संचारबंदी लागली. ज्या शहराचं संगीत रात्रीच जगतं त्याचं काय होणार!

मी पेटीवर तिथल्या चार स्वरसंचांचे सूर काढत बसलो. तिझिता: सा रे ग प ध, म्हणजे भूपाचेच. बातीचा एक प्रकार: सा, कोमल ग, म, प, कोमल नी, धानीचे. अंबासेल: कोमल रे आणि कोमल ध घेऊन गुणक्रीचे. झालं, म्हटलं आपल्याच घरात आलो. पण मेहमूद अहमद गायला लागला आणि ती घराची भावना पार गेली. तो स्वरावर थांबत नाही, थरथरवतो, मध्येच मोडतो. खाली सहाचा लंगडता ठेका. सूर तेच, चाल-चलन वेगळं. शिवाय चौथा, अंचिहोये, माझ्या ओळखीच्या कुठल्याच रागात बसेना. तोच आता सर्वात जास्त ऐकतो.

मुलातू अस्तात्केचं व्हायब्राफोन सगळ्यांना ठाऊक असतं. मला आवडला हाइलू मेर्गिया. दौऱ्यावर अमेरिकेला गेला, तिथेच राहिला, १९८५ ला एकट्याने अ‍ॅकॉर्डियन आणि सिंथेसायझरची कॅसेट केली आणि पुढे वॉशिंग्टनला टॅक्सी चालवू लागला. २०१३ ला ती कॅसेट पुन्हा निघाली तेव्हा तो टॅक्सीच चालवत होता. डिकीत कीबोर्ड, विमानतळावर नंबर येईपर्यंत रियाज.

दार-ए-सलामहून

नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. शेजारच्या मामांनी मला ताराबची यादी करून दिली, वहीच्या कागदावर! मग मी ती अ‍ॅपवर शोधून लावली. अर्धी गाणी सापडलीच नाहीत.

झांझिबारचं ताराब म्हणजे ऊद आणि कानून ही अरबी तंतुवाद्यं, व्हायोलिनचा ताफा, अ‍ॅकॉर्डियन, आणि वर स्वाहिली कविता. अरबी आहे म्हणावं तर ठेका आफ्रिकेचा, आणि मध्येच अशी एखादी सुरावट येते की जुनं हिंदी सिनेमाचं गाणं आठवावं. तो भास नाही. मोंबासाच्या जुमा भालोने हिंदी गाण्यांच्या चालींवर कितीतरी स्वाहिली गाणी गायली. तिथल्या ताराबमध्ये बुलबुल तरंगाचा भाऊबंदही वाजतो.

मामांच्या कागदावर पहिलं नाव सिती बिंती साद. गुलामीतल्या आईबापांची मुलगी, मडकी विकायची, हाळी द्यायचा आवाजच असा की लोक थांबायचे. १९२८ साली एचएमव्हीने तिला आणि तिच्या साथीदारांना ध्वनिमुद्रणासाठी कुठे नेलं माहितेय? मुंबईला. पूर्व आफ्रिकेतल्या त्या काळच्या सर्वात गाजलेल्या स्वाहिली तबकड्या आपल्या मुंबईत भरल्या गेल्या, आणि मी गिरगावात वाढून हे मला इथे येऊन कळलं. तिचं "किजिती" ऐका: एका गरोदर बाईचा खून, खुनी पसार, आणि शिक्षा झाली ती फिर्याद घेऊन गेलेल्या बायांनाच. खरी घडलेली गोष्ट. आवाज खरखरतो, तबकडी जुनी आहे, पण तिने आवाज चढवला की तुम्ही हातातलं काम ठेवाल.

ताराबची मैफलही बघा जमल्यास. बायका ठेवणीतले कपडे घालून येतात, एखाद्या ओळीला उठून डुलत डुलत गायिकेपर्यंत जातात, हातात नोट. ती ओळ कुणाला उद्देशून होती, हे सगळ्या सभागृहाला समजतं. सवतीला, जावेला, शेजारणीला. टोमणे मारण्याची एवढी देखणी सोय मी दुसरीकडे पाहिली नाही.

पुण्याहून, कॉलेजमधून

इथे सगळे जुनंच ऐकतात का? 😄 मी रेमाच्या "काम डाऊन"च्या रील्सवरून आले, सॉरी नॉट सॉरी. रेमावरून टायला, टायलावरून आमापियानो, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचं नाचाचं संगीत. घरचे म्हणतात सगळं सारखंच वाजतं. त्यांना म्हणावं, गाऊ नका, खालचा लॉग ड्रम ऐका. तो ढुम्म करून घसरतो ना, ते लाकडी वाद्य नाही, एफएल स्टुडिओ या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरमधला तयार आवाज आहे. प्रिटोरिया-जोहान्सबर्गच्या वस्त्यांमधल्या पोरांनी तोच पुढे आणून आख्खा प्रकार उभा केला. गाणी सहा-सात मिनिटांची, घाई नाही. रीलमध्ये फक्त पंधरा सेकंद येतात, त्यामुळे कळतच नाही की मजा थांबण्यात आहे. कबझा डी स्मॉलपासून सुरू करा. आणि धागाकर्ते काका, फेलाचं ते अफ्रोबीट आणि आमचं अफ्रोबीट्स वेगळं, यादी करताना मिसळू नका.

परभणीहून

आमचं मोबाईलचं दुकान आहे. एके काळी गावोगावची पोरं मेमरी कार्ड घेऊन यायची, "भाऊ, भरून द्या". भीमगीतं, लावण्या, डीजे, सगळं एकाच कार्डात. म्हणून सहारातल्या मोबाईल गाण्यांची यादी दिसली तेव्हा हसूच आलं. मालीत किदालकडे लोकांच्या फोनमधल्या कार्डांवरची गाणी एका अमेरिकन माणसाने गोळा केली आणि त्याचा अल्बम काढला. तिकडं बी हेच चालायचं, ब्लूटूथवरून या फोनमधून त्या फोनमध्ये. गायकाचं नाव फाईलवर नसायचं, लोकांना गाणं पाठ.

नायजरचा म्दू मोक्तार असाच पसरला. डावखुरा गिटारवाला. पहिली गिटार स्वतः बनवली, तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या तारा. आता जगभर फिरतो. "आफ्रिक व्हिक्टीम" जोरात लावायचा, हळू आवाजात काही कळत नाही. मग तिनारिवेन, सहारातलाच बँड. त्यांचं उलटं, ते रात्री शटर ओढल्यावर.

मॉरिशसहून

नमस्कार. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून आले. घरी गणपतीत झाकरी, रस्त्यावर सेगा, असे आम्ही वाढलो. तक्रार एकच आहे: आफ्रिकेच्या याद्यांमध्ये हिंदी महासागरातली बेटे क्वचितच असतात. सेगा हे गुलामांचे संगीत. रावान नावाचा बकऱ्याच्या कातड्याचा मोठा डफ, वाजवण्यापूर्वी तो शेकोटीवर धरून तापवतात. हॉटेलांत पर्यटकांसाठी वाजतो तो गुळगुळीत सेगा सोडून द्यावा आणि ति फ्रेर ऐकावा. मग काया. त्याने सेगा आणि रेगे जोडले. १९९९ मध्ये तो पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेटावर दंगली झाल्या. माझ्या पिढीला तो आठवडा आठवतो. शेजारच्या रियुनियन बेटाचा मालोयाही यादीत घ्यावा.

ठाण्याहून

मला या याद्यांचाच कंटाळा आलाय. कॉफीच्या दुकानात "आफ्रिकन चिल" लावतात: माली, सेनेगल, केप व्हर्दे, सगळं एकाच आवाजात दळलेलं. केप व्हर्देची सेझारिया एव्होरा अनवाणी उभी राहून विरह गायची. तो विरह कपातल्या फेसाबरोबर पिऊन लोक लॅपटॉपवर एक्सेल भरतात. मी याद्या सोडून अख्खे अल्बम ऐकतो. एका वेळी एक शहर.

नैरोबीहून

ठाणेकरांशी निम्मा सहमत. पण आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरची यादी ऐका एकदा. शुक्रवारी संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकलो की तो लिंगाला लावतो, म्हणजे कांगोची रुम्बा. इथे ती परकी मानतच नाहीत. त्याचा नियम: कांगोच्याच फ्रँकोचं गाणं अर्ध्यात बदलायचं नाही. सुरुवातीला संथ, दोन-तीन गायक गोड आवाजात तक्रार मांडतात. "मारिओ"मध्ये, उदाहरणार्थ, श्रीमंत बाईच्या जिवावर जगणाऱ्या शिकलेल्या पण आळशी पोराची. मग गाणं वळतं, गायक मागे सरतात आणि गिटारी एकमेकींत गुंतून धावायला लागतात. त्याला सेबेन म्हणतात. तो आला की आमचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटं वाजवतो आणि हॉर्न मारणाऱ्यांकडे बघतही नाही. ताबू ले, कल्ले, फ्रँको या रुम्बावाल्यांच्या याच क्रमाने नको, आधी फ्रँकोच, असं तो बजावून सांगतो. कल्लेचं १९६० चं "इंडिपेंडन्स चा चा" मात्र त्याला सूट म्हणून कधीही चालतं.