मदत हवी आहे: मद्रासच्या शोलावरम रेसचे जुने फोटो

नमस्कार मंडळी, आमचे बाबा पेरांबूरच्या रेल्वे कोच फॅक्टरीत होते त्यामुळे माझं लहानपण मद्रासमध्येच गेलं, आणि ८०च्या दशकात बाबा मला शोलावरमला मोटार आणि बाईकच्या रेस बघायला न्यायचे. दुसऱ्या महायुद्धातली विमानाची धावपट्टी ती, तिच्यावरच ट्रॅक. कडेला गवताच्या पेंढ्या, सावली कुठेच नाही, आई डब्यात दहीभात आणि लोणचं द्यायची. बाबा मला खांद्यावर घ्यायचे आणि गाडी दिसायच्या आधीच नुसत्या आवाजावरून सांगायचे की ही फियाट, ही येझदी! जळक्या एरंडेल तेलाचा तो वास तर अजून नाकात आहे, रेसच्या इंजिनात घालायचे ना ते.

तिथे रेसर करिवर्धन गाडी पळवायचे, विजय मल्ल्याने फॉर्म्युला वनची एन्साइन गाडी आणली होती, बाबा अजून हे सगळं रंगवून सांगतात. आता ते थकलेत, गुडघे गेलेत, आमच्याकडे त्या दिवसांचा एकही फोटो नाही.

तर कुणाकडे शोलावरमचे फोटो, तिकिटं, कार्यक्रमपत्रिका असं काही आहे का? स्कॅन चालेल, मोबाईलवर काढलेला फोटोही चालेल. आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवर हल्ली कुणी रेसला गेलं असेल तर प्लीज सांगा, व्हीलचेअर स्टँडपर्यंत नेता येते का, गाडी किती जवळ लावता येते? येत्या सीझनला बाबांना न्यायचंच आहे.