जुगारात 'जिंकणे' म्हणजे नेमके काय?

म्हापसा : यंदा चवथीच्या जागरणाला घरी तीन पानी बसली. पहाटे भावोजी उठले आणि म्हणाले, "आज मी जिंकलो." ताईने लगेच विचारले, "बाराशे घेऊन बसला होतात ना? दाखवा बघू." पाकिटात निघाले साडेनऊशे. भावोजींचे म्हणणे, शेवटचे चार डाव ओळीने त्यांचेच होते. मग ते जिंकले की नाही? आणि ताईला जे विचारायचे होते, त्याला मराठीत शब्द कोणता?

फोंडा : भावोजी खोटे बोलले नाहीत. आपण डाव जिंकतो, पैज जिंकतो. रात्रभराचा हिशेब 'जिंकणे'त येत नाही, म्हणून चार डाव जिंकलेला माणूस अडीचशे रुपये गमावून घरी जाऊ शकतो.

मटक्याची भाषा जरा काटेकोर आहे. आकडा 'फुटतो' तो सगळ्यांसाठी, 'लागतो' तो ज्याने लावला त्यालाच. पण 'लागला' म्हटले तरी मुद्दल झाकलेलीच राहते. माझे मामा रोज एकेरी आकड्यावर दहा रुपये लावायचे. तेराव्या दिवशी आकडा लागला. रुपयाला नऊ या हिशेबाने नव्वद आले आणि मामा सगळ्यांसाठी गरम भजी घेऊन आले. आजीने पुडी सोडली नाही. "तेरा दिवसांचे एकशेतीस गेले, ते कोणी मोजायचे?" एवढेच म्हणाली आणि आत गेली. मला तेव्हा तिचा राग आला होता.

मांडवीतल्या कॅसिनोंतही हेच. एका शून्याच्या रूलेटला, म्हणजे गोळी फिरवायच्या चाकाला, 37 घरे असतात आणि एका आकड्यावर पैसे लावून तो आला तर एकाला 35 मिळतात, शिवाय लावलेले परत. प्रत्येक घरावर शंभर ठेवा : 3700 गेले, 3600 आले. आकडा मात्र नक्की लागला! आयकरही जिंकलेल्या रकमेवरच 30 टक्के. हरलेल्या पैशांची वजावट त्यातून मिळत नाही. म्हणजे वर्षभर तोट्यात असलेल्यालाही 'जिंकल्या'चा कर भरावा लागतो.

ताईच्या प्रश्नाला मी 'फायद्यात उठणे' म्हणेन. त्यातले 'उठणे' महत्त्वाचे. बसलेल्या माणसाचा हिशेब अजून चालूच असतो.

म्हापसा : आमच्याकडे पोरे 'मी तीनशे प्लसमध्ये आहे' म्हणतात. ते चालेल का?

फोंडा : खेळ चालू असताना अगदी चालेल, आणि उठल्यावरही. फक्त कधीपासूनचे प्लस, ते विचारून घ्यावे. आजच्या रात्रीचे, की गेल्या चवथीपासूनचे?

डिचोली : ताई सरळ 'किती सुटले?' असे का विचारत नाही? धंद्यात सगळा खर्च वजा जाऊन उरते त्याला आपण 'चार पैसे सुटले' म्हणतोच.

फोंडा : शब्द चोख आहे, मला सुचायला हवा होता. तरी खेळणाऱ्याच्या तोंडी तो मला पटत नाही. 'सुटणे' रोज माल मोजून, भाडे-मजुरी वजा करून गल्ला बघणाऱ्याचे. त्या रूलेटवर शंभर रुपये सुटले ते टेबल मांडणाऱ्याला. माझ्या मामांच्या तोंडून मी 'लागला' शेकडो वेळा ऐकले, 'सुटले' एकदाही नाही.