जकुझी टबची मोटर नुसती घूं करते, पाणी हलत नाही

कोथरूडकर_वहिनी:
नमस्कार मंडळी. दिवाळीत रीसेलचा फ्लॅट घेतला. आधीच्या मालकांनी मोठ्या बाथरूममध्ये जेट्सचा टब बसवलाय, पण ते परदेशी गेल्यापासून तो बंदच आहे. सासूबाईंना संधिवात आहे, कोमट पाण्यात पाय हलवायला सांगितलंय, म्हणून तो मला चालू करायचाच आहे. बटण दाबलं की खालून घूं आवाज येतो आणि थोड्या वेळाने एमसीबी पडतो. एक प्लंबर म्हणाला टब काढून टाका, दुसरा म्हणाला नवी मोटर आणा. चहूबाजूंनी टाइल्स आहेत, मोटर दिसतसुद्धा नाही. काय करू?

मोटरवाला_तळेगाव:
ताई, टब काढू नका आणि एवढ्यात नवी मोटरही घेऊ नका. माझं काम पंप दुरुस्तीचं, लोणावळ्याच्या हॉटेलांतले असे टब पुष्कळ उघडलेत. घूं आवाज येतो म्हणजे वीज मोटरपर्यंत पोचतेय. अडलंय ते कंडेन्सरपाशी (मोटरला फिरायला सुरुवात करून देणारा भाग), नाहीतर शाफ्ट (मोटरचा फिरणारा दांडा) जाम झालाय. आता बटण अजिबात दाबू नका. जाम मोटरला करंट देत राहिलं की वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळतं, मग खरंच नवी घ्यावी लागते.

आवाज ज्या कोपऱ्यातून येत होता तिथल्या टाइल्सचे सांधे नखाने दाबून बघा. काढता येणारं झाकण असेल तर तिथे सिमेंट नसतं, सिलिकॉन असतं, ते मऊ लागतं. पुष्कळदा गवंडी झाकणही टाइल्सखाली पुरून टाकतात, याची मला फार चीड येते. तसं असेल तर फोडावं लागेल, पण परत बांधू देऊ नका. अ‍ॅल्युमिनिअमच्या चौकटीत झाकण करून घ्या.

पुढचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, कारण मेन बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये करंट साठलेला असतो. तो आधी उतरवायचा, मग मोटरच्या मागच्या टोकाकडून शाफ्ट हाताने फिरवायचा. सहज फिरला तर कंडेन्सर बदला. त्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त चालेल. फिरला नाही तर सील (पंपातलं पाणी शाफ्टवाटे मोटरकडे येऊ न देणारा भाग) क्षाराने चिकटलंय.

एडिसनवासी:
सुटे भाग ऑनलाइन मागवणार असाल तर व्होल्टेज वाचा. इथे अमेरिकेत घरगुती टबांचे बरेच पंप ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचे असतात, ते पुण्यात चालणार नाहीत.

सासूबाईंचं वाचून आठवलं, हे यंत्र मुळात सांधेदुखीसाठीच निघालं. कॅलिफोर्नियातल्या जकुझी भावांचा धंदा पंपांचा. त्यांच्यातल्या कँडिडोच्या लहान मुलाला संधिवात होता, त्याला घरच्या टबात पाण्याचा उपचार मिळावा म्हणून त्यांनी टबात सोडायचा पंप बनवला आणि १९५६ मध्ये तो विक्रीला आणला. टबातच बसवलेले जेट्स आले १९६८ मध्ये.

कोथरूडकर_वहिनी:
सिलिकॉन सापडलं! झाकण निघालं. शाफ्ट आधी हलेना, मग करकरत सुटला. कंडेन्सरही फुगलेला होता, तो बदलला. मोटर चालू झाली, सगळे जेट्स सुरू! पण आता पंपाखाली पाणी ठिबकतंय आणि जेट्समधून काळे तुकडे येताहेत.

मोटरवाला_तळेगाव:
छान झालं ताई, खूप आनंद झाला. पंपाभोवती टिश्यू पेपर फिरवून बघा. पाइपाच्या युनियनला (पाइप पंपाला जोडणाऱ्या आट्यांच्या जोडाला) ओला झाला तर तिथली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बदला. तिला व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस लावा. मोटर आणि पंप यांच्या मधोमध ओला झाला तर सील गेलंय. त्यात कार्बन आणि सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर फिरतात. चिकटलेल्या चकत्या सुटताना कडा तुटते, तुमच्याकडे बहुतेक तेच झालंय. नवं सील बसवताना चकत्यांच्या चकचकीत तोंडाला बोट लागू देऊ नका, स्वच्छ फडक्याने धरा. आणि टब रिकामा असताना चालू करून बघायचं नाही, पाण्याशिवाय सील लगेच जळतं.

काळे तुकडे म्हणजे पाइपांत साचलेला साबण-तेलाचा आणि जंतूंचा थर. जेट्सच्या वर चार बोटं येईल इतकं गरम पाणी भरा, डिशवॉशरची पावडर दोन चमचे टाका, पंधरा मिनिटं चालवा, पाणी सोडून द्या. मग साध्या पाण्याने तेच, तुकडे थांबेपर्यंत. भांड्यांचं नेहमीचं लिक्विड नको, फेस आवरत नाही. बोअरचं पाणी असेल तर क्षारासाठी सायट्रिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी वापरा. डिशवॉशरच्या पावडरीत ब्लीच असू शकतं, आणि ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू होतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतेल.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही. या टबाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) आहे का बघा, नसेल तर बसवून घ्या, मोटरचं अर्थिंगही तपासून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडला आणि ठिबकणं थांबलं, की मगच सासूबाईंना टबात बसवा.